दिग्रसला ठेवलेली तिसरी प्रत

देविदास,

तुझ्या तेरवीच्या पंगतीत बसून मी माणसे मोजत होतो. असे करणे शोभत नाही हे ठाऊक होते, तरी मोजत होतो. वणीतले दुकानदार, कापसाच्या जिनिंगचे मुकादम, राजूरच्या खाणीवरचे दोन पहारेकरी, आणि झरी जामणीच्या जंगलातून टेम्पो भरून आलेले कोलाम आदिवासी स्त्री-पुरुष. ते अंगणात आलेच नाहीत. रस्त्याच्या कडेला निंबाखाली बसून राहिले, आणि तुझ्या पत्नीने स्वतः जाऊन त्यांना आत आणले. त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने मला ओळखले ते "देवादादासंग येत होते ते सर" म्हणून. पत्रावळीवरचा भात कालवताना माझ्या मनात काय आले, सांगतो. माझ्या तेरवीला यातले किती येतील?

तुझ्याविषयी काही लिहा, असे वाचनालयाच्या मंडळींनी सुचवले. समारंभाला शोभतील असे शब्द मला येतात. तेहतीस वर्षे महाविद्यालयात भाषाशास्त्र शिकवताना ते पुष्कळदा कामी आले. परंतु तुझ्यासंबंधी लिहायला बसलो की 'हेवा' हाच शब्द आधी लेखणीशी येतो. त्याला वळसा घालून पुढे जाण्याचा प्रयत्न मी दोन दिवस केला. ते जमले नाही.

निवृत्त झाल्यावर, साठीत, मी ध्वनिमुद्रक विकत घेतला. कोलामांच्या पोडांवर, त्या वीस-पंचवीस घरांच्या वस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्या माणसांची बोली जतन करावी, असे मी नोकरीत असताना दरवर्षी ठरवत असे आणि दरवर्षी पुढे ढकलत असे. तुला सोबत घेतले ते तुझ्याकडे गाडी होती आणि तुला रस्ते ठाऊक होते म्हणून. जिनिंगमध्ये, कोळशाच्या डेपोंवर पहाऱ्याचे कॅमेरे बसवणे हा तुझा धंदा. रविवारी तू मोकळा असायचास. पहिल्या पोडावर गाडी थांबली आणि मी पिशवीतून प्रश्नावली काढेपर्यंत तू एका ओट्यावर बसून कुणा म्हाताऱ्याशी कोलामीत भांडत होतास. भांडण कशावरून होते ते मला समजले नाही. दोन वर्षे व्याकरणाचे पुस्तक पाठ करून त्यातले तीन शब्द मला कळले होते.

परतताना मी विचारले, "तुला ही बोली येते हे आधी का नाही सांगितलेस?"

"त्यात सांगायसारखं काय हाय, सर? बाबा जंगलखात्याच्या नर्सरीत मजुरीले होते, आमी तिथंच राहू. पोडाच्या पोराईसंग खेळता खेळता आली."

खेळता खेळता. त्या दिवशी घरी येऊन मी व्याकरणाचे पुस्तक उघडले आणि पुन्हा मिटले.

पोडावर चहा यायचा तो आधी तुझ्या हातात. तू तो माझ्यापुढे सरकवायचास आणि दुसऱ्या कपाची वाट पाहायचास. सरकवलेला चहा आणि दिलेला चहा यांत फरक असतो, हे तुला कधी जाणवले नसावे. ज्याला नेहमी दिला जातो, त्याला तो जाणवण्याचे कारणच नसते.

दोन वर्षांत लॅपटॉप भरला, बाहेरून जोडलेल्या दोन डिस्क भरल्या, आणि माझ्या घरी एक स्टोरेज सर्व्हर बसवावा असे आपण ठरवले. तू त्याला पहिल्या दिवसापासून 'डबा' म्हणालास. चार डिस्क बसतील असा डबा. डिस्क कोणत्या घ्याव्यात आणि त्या आपसांत कशा बांधाव्यात, यावर आपले पहिले खरे भांडण झाले. ते अजून मिटलेले नाही, म्हणून इथे मांडतो.

मी तीन आठवडे इंग्रजीतले मिळेल ते वाचले होते. टिपणे काढली होती, त्यांना क्रमांक दिले होते. माझे मत असे होते की चारही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. चार डिस्कपैकी एका डिस्कइतकी जागा राखीव ठेवावी, म्हणजे कोणतीही एक बंद पडली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातले सारे पुन्हा उभे करता येते, आणि जागाही भरपूर उरते. हे मी तुला नागपूरला जाताना गाडीत समजावून सांगितले. जांब गावाच्या पुढे येईपर्यंत तू ऐकून घेतलेस.

"सर, परहाटी पेरतानी कोणी साऱ्या वावरात एकाच लॉटचं बियाणं टाकते का? दोन दुकानातून आणते, दोन जातीचं आणते. एक फसलं तं दुसरं उगवते. चारी डिस्का एकाच दिवशी एकाच मशीनवर बनल्या, तं त्या मरतीनही एकाच हंगामात."

"डिस्क म्हणजे बियाणे नव्हे, देविदास."

"नाई ना. बियाणं परवडलं. ते पुढच्या साली पुन्हा भेटते."

मग तू चालवता चालवताच पायाशी ठेवलेली एक शंभर पानी वही मला दिलीस. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधून काढलेल्या मेलेल्या डिस्कची ती वही होती. कुठे बसवली, कधी बसवली, कशाने गेली. 'राजूर, कोळशाची धूळ, पंखा जाम, मेली.' 'जिनिंग, आत रुईचा गोळा, तरी जिवंत, शाब्बास.' 'हॉटेल, भट्टीच्या मागं ठेवली, मालकाची चूक.' बारा वर्षांच्या नोंदी, एकाच हातच्या, एकाच पद्धतीच्या. क्षेत्रकार्य म्हणजे काय, हे मी विद्यार्थ्यांना तीन दशके शिकवले, आणि इतकी निर्मळ वही माझ्या एकाही विद्यार्थ्याची नव्हती. माझी तर नव्हतीच. मी ती चाळली, "चांगली आहे," म्हणालो आणि परत दिली.

दुकानात विचारायचे एक वाक्य मी घरून तयार करून नेले होते. काही डिस्कवर लिहिण्याच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. अशा डिस्क स्वस्त पडतात, परंतु एक डिस्क गेल्यावर सारे पुन्हा उभे करण्याच्या वेळी त्या रखडतात. हे माझ्या टिपणात तिसऱ्या क्रमांकावर होते. अनोळखी माणसाशी बोलताना मी अडखळतो, म्हणून मी ते वाक्य मनात जुळवत उभा होतो. तेवढ्यात तू काउंटरवर कोपर टेकून विचारलेस, "भाऊ, पट्टीवर पट्टी चढवून लिहिणारी तं नाई ना हे?" दुकानदाराला आत फोन लावून विचारावे लागले. माझे वाक्य माझ्याकडेच राहिले.

"चारी सीलपॅक देतो सर, एकाच खोक्यातल्या," दुकानदार म्हणाला.

"तेच तं नको हाय," तू म्हणालास.

"चारही त्याच द्या," मी म्हणालो. आवाज चढला होता. डिस्कसंबंधी माझे मत पक्के होते असे नाही. माझ्याकडेच राहिलेल्या त्या वाक्याचा राग होता. तू माझ्याकडे पाहिलेस, हसलास आणि पिशवी उचललीस. "सर म्हणतीन तसं."

परतीच्या वाटेवर तू आणखी एक गोष्ट मांडलीस. "चार डिस्का असो का चाळीस, डबा तं एकच ना. आग लागली, चोर आला, सारं एकासंगच जाते. अन् सर, तुमी जे मिटवसान ते चारी डिस्काईवरून एकाच वेळी मिटते. डबा इचारत नाई, खरंच मिटवू का म्हणून. एक आवाजाच्या मशिनीत, एक डब्यात, तिसरी प्रत दुसऱ्या गावाले पाह्यजे. डब्याच्या बाहेर. दिग्रसले वंदनाकडं ठेवू." वंदना म्हणजे तुझी धाकटी बहीण. सबंध जिल्हा ओलांडून दिग्रसला प्रत ठेवायची, हे मला हास्यास्पद वाटले. "हवी तर तू ठेव," असे मी म्हणालो, आणि विषय विसरून गेलो. तू विसरला नाहीस. त्याकडे येतो.

डबा माझ्या अभ्यासिकेत आला. वणीचा उन्हाळा लक्षात घेऊन मी त्याला कूलरच्या अगदी समोर ठेवले. तू आलास, दारातच थांबलास आणि कपाळाला हात लावलास. "सर, अहो, त्याले अंघोळ घालून राह्यले का?" कूलरच्या ओल्या वाऱ्याने डब्याच्या पत्र्यावर दव साचले होते. तू तो उचलून आतल्या भिंतीशी ठेवलास, खाली पाट ठेवलास. पदवी नसलेल्या माणसाने मला माझ्याच घरात हसावे, आणि ते बरोबर असावे! शेवटचा भाग अधिक लागला.

आता भिमाबाईंविषयी लिहायला हवे.

झरी जामणीकडच्या एका पोडावरच्या त्या सर्वांत वृद्ध बाई. पोडापासून नदीपर्यंत जंगलातून एक जुनी पायवाट जात असे. आता ती झाडोऱ्यात बुजली आहे. त्या वाटेवरच्या प्रत्येक खडकाला, डोहाला, मोहाच्या झाडाला नाव होते आणि ती सारी नावे क्रमाने फक्त भिमाबाईंना येत होती. ती मला हवी होती. मी तीन वेळा गेलो. तीनही वेळा प्रश्नावली मांडीवर घेऊन विचारले आणि तीनही वेळा "हाय", "नाई", "आता कोन जाते तिकडं" याखेरीज काही मिळाले नाही. चौथ्या वेळी मी कंटाळून हातपंपावर पाणी प्यायला गेलो. तू त्यांच्या बॅटरीची तुटलेली तार जोडत बसला होतास आणि ध्वनिमुद्रक चालूच राहिला होता. तिथून मी नदीच्या बाजूला बराच फिरून आलो. गाडीत बसताना तुझा चेहरा उजळलेला होता.

"सर, आजीनं पूरी वाट सांगतली! पोडापासून नदीलोक! एक खडक नाई सोडला!"

मी "उत्तम" म्हणालो. वणी येईपर्यंत डोळे मिटून बसलो. मी थकलो असेन असे तुला वाटले असावे.

दुसऱ्या दिवशी तू ध्वनिमुद्रक आणून दिलास आणि सूची करायला मी ती नोंद ऐकली. भिमाबाई मराठी आणि कोलामी कालवून बोलत. सुरुवातीचा भाग मराठीतच होता. त्या म्हणाल्या, "तो मास्तर मले इचारते का कागदाले? अन् आमची बोली बोलते कसा, दुसऱ्याचे दात लावल्यावानी!" आणि त्यावर तू हसलास. देविदास, तू फार वेळ हसलास. मी यंत्र तिथेच थांबवले.

त्यानंतर जे केले ते पाच मिनिटांत केले. नोंद मिटवली, ध्वनिमुद्रकातलीही आणि डब्यातलीही. डब्याने विचारले नाही. मग सूचीत त्या क्रमांकापुढे, शेऱ्याच्या रकान्यात, सुवाच्य मराठीत लिहिले: 'ध्वनी सदोष.' ध्वनी निर्दोष होता. ज्या माणसाने आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या संदर्भसूचीतले स्वल्पविराम दुरुस्त केले, त्याने हे लिहिले.

एकदा केल्यावर पुन्हा करणे सोपे होते. जिथे मी अडलो आणि तू पुढे गेलास, जिथे माझ्या प्रश्नावर शांतता आणि तुझ्या प्रश्नावर गोष्ट, अशा आणखी दहा नोंदी मी पुढच्या काळात मिटवल्या. सगळ्यांपुढे तोच शेरा. तू सूची वाचत असशील असे मला कधी वाटले नाही. तुला वाचनाची आवड नाही, असे मी धरून चाललो होतो.

पुढच्या मे महिन्यात पहिली डिस्क गेली. डबा पिपाणीसारखा वाजू लागला. तू नवी डिस्क आणलीस, दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या दुकानातून. उरलेल्या तिघींवरून सारे पुन्हा उभे व्हायला दोन दिवस लागणार होते आणि तेवढ्यात त्यांतली आणखी एक गेली असती तर सगळेच गेले असते. तू दुकान बंद ठेवून दोन्ही दिवस माझ्या अभ्यासिकेत बसलास. कूलर बंद, खिडकीला ओले पडदे, इन्व्हर्टरची बॅटरी तू घरून आणलेली. टक्केवारी मुंगीसारखी चढत होती. मी घामाने निथळत पायऱ्या मोजल्यासारखा ती मोठ्याने वाचत होतो, आणि तू मला जिनिंगमधल्या माकडांच्या गोष्टी सांगत होतास. काम पुरे झाले. आठव्या दिवशी त्याच लॉटमधली दुसरी डिस्क मेली.

मी वाट पाहत होतो की आता तू म्हणशील: सांगितलं होतं ना. तू वही काढलीस, नोंद केलीस, आणि म्हणालास, "आता दोन गेल्या तरी चालीन असं बांधू, सर. जागा अर्धी होईन."

"फार कमी होईल."

"होऊ द्या. आवाज तं पूरा राह्यते."

तू टोमणा मारला असतास तर मला किती बरे वाटले असते, हे तुला कधी कळले नाही. मी तुझ्या जागी असतो तर वर्षभर मारला असता.

भिमाबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. त्यांची नात सुनंदा त्याच पोडावर अंगणवाडी सेविका आहे. यंदा पोडाच्या ग्रामसभेने जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा करायचे ठरवले आणि त्यासाठी जुन्या वाटा, जुन्या जागा, त्यांची नावे आणि जुन्या माणसांचे सांगणे जोडायचे होते. सुनंदा तुझ्या दुकानात आली. तू मला फोन केलास.

"सर, भिमाआजीची ते वाट काढून ठेवा ना. सुनंदाले पाह्यजे, दाव्याले लावाले. आजीचा आवाज आयकाचा हाय म्हणे पोडाले."

"पाहतो," मी म्हणालो. "परंतु ती नोंद सदोष होती, असे आठवते."

मागे तुझ्या दुकानात कुणीतरी ड्रिल चालवत होते; ते मला आजही ऐकू येते.

"पाहा, सर," तू म्हणालास. "असंन."

मी पाहिले नाही, कारण पाहण्यासारखे काही उरले नव्हते. त्यानंतर आपली दोनदा भेट झाली. दोन्ही वेळा आपण पावसाविषयी आणि तुझ्या मुलीच्या परीक्षेविषयी बोललो. तू विचारले नाहीस. मी सांगितले नाही. तिसऱ्या आठवड्यात, जिनिंगमधले काम आटोपून चहा घेता घेता, तुझे हृदय थांबले. तू सेहेचाळीस वर्षांचा होतास, मी सदुसष्टचा. इथेही रांगेत पुढे मी होतो, आणि आधी गेलास तू.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सुनंदाचा फोन आला. "सर, देवादादा म्हणे वाट हाय. म्हणे, सरलेच माग, ते देतीन. दावा सोमवारी द्याचा हाय." मी "पाहतो" म्हणालो. हा शब्द मी किती वेळा वापरला!

परंतु तेरवीला मला वंदनाताईही भेटल्या होत्या. निरोप घेताना त्या म्हणाल्या होत्या, "सर, दादाचा डबा आमच्याकडंच हाय अजून. त्याचं काय करू?" कसला डबा, असे विचारले तेव्हा त्या रडू लागल्या, आणि मला पुढे विचारवले नाही. सुनंदाचा फोन ठेवल्यावर मला ते वाक्य आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळची यवतमाळची बस धरली आणि तिथून दिग्रसची.

वंदनाताईंनी फडताळातून स्टीलचा पापडाचा डबा काढला. आत सुती फडक्यात गुंडाळलेली एक डिस्क होती, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरमधून काढलेली, वहीत जिला 'शाब्बास' मिळाला असावा अशी. भोवती बुटांच्या खोक्यांत येतात तशा पांढऱ्या पुड्या, ओल शोषणाऱ्या.

"दर दोन-तीन महिन्याले यायचा," त्या म्हणाल्या. "लॅपटॉपले लावून बसायचा दोन-दोन घंटे. म्हणे, वंदे, याच्यात मानसं हायत, ओल लागू देऊ नको. मी म्हटलं, माह्या पापडाचं काय? तं म्हणे, पापड खाऊन टाकू. अन् बसला खात." मग डोळे पुसून त्या म्हणाल्या, "तुमचं लय सांगत जाये, सर. सरसारखं नीट लिहिता आलं पाह्यजे म्हणे."

मी त्यांच्या ओसरीवरच लॅपटॉप उघडला. पोडांची नावे, तारखा, सारे ओळीने. ध्वनिमुद्रक माझ्या हाती देण्याआधीच तू त्यातली प्रत काढून ठेवत होतास. आणि सगळ्यांच्या शेवटी एक फोल्डर, ज्याचे नाव मी वाचले आणि मग पुन्हा वाचले. 'ध्वनी सदोष.' त्यात अकरा नोंदी होत्या. अकराच्या अकरा.

तू सूची वाचत होतास. ओळ न् ओळ वाचत होतास, डब्याशी ताडून पाहत होतास, आणि मी मिटवलेले एकेक वेचून बाजूला ठेवत होतास, माझाच शेरा त्याला लावून. मग मला तो मे महिना आठवला. दोन दिवस तू माझ्यासोबत घामात बसलास, टक्केवारी पाहत. तुला ठाऊक होते की सारे दिग्रसला सुरक्षित आहे. एका वाक्यात माझी काळजी मिटवता आली असती. तू ते बोलला नाहीस, कारण मग मी विचारले असते, दिग्रसला काय काय आहे? माझी लाज राखण्यासाठी तू दोन दिवसांची कमाई बुडवून माकडांच्या गोष्टी सांगितल्यास. याबद्दल मी तुझा ऋणी आहे, आणि याचाही मला हेवा वाटतो. मला हे जमले नसते.

शनिवारी मी पोडावर गेलो. एकटाच, भाड्याच्या गाडीने. नोंद मी आधी ऐकली नव्हती. ऐकली तर पुन्हा काही तरी करीन, असे स्वतःविषयी भय वाटले. सुनंदाने अंगणवाडीसमोर सतरंजी अंथरली. तीस-चाळीस माणसे जमली. मी स्पीकर लावला.

भिमाबाईंचा आवाज आला आणि बायांनी पदर तोंडाशी नेले. मग ते दातांचे वाक्य आले. सगळे पोड हसले, आणि त्यांच्या हसण्यात तुझे हसणे मिसळले. मी जमिनीकडे पाहत होतो. या वेळी यंत्र थांबवले नाही.

हसणे ओसरल्यावर तू म्हणालास, "हासू नको वं आजी, मीबी हासलो. आपल्याले काय, बोली आयती आली. ते मानूस साठीत शिकून राह्यलं. दुसऱ्याचे दात लावून का होईना, खाते तं आपलीच भाकर."

थोडा वेळ बॅटरीच्या पत्र्याची खरखर. मग भिमाबाई: "वाट इचारत होता ना तो? बलाव त्याले. सांगतो."

"पाण्याले गेले ते. तू सांग. मी ठेवतो त्याईच्यासाठी."

आणि मग त्या निघाल्या. पोडाच्या वेशीपासून, खडकामागून खडक, चाळीस मिनिटे, कोलामीत. म्हातारी माणसे मान डोलवत होती, कुणी मध्येच नाव पुन्हा उच्चारत होते, सुनंदा भराभर लिहून घेत होती. एका डोहाचे नाव मी हळूच म्हणून पाहिले. शेजारच्या आजोबांनी न पाहता दुरुस्त केले. मी पुन्हा म्हणालो. त्यांनी पुन्हा दुरुस्त केले.

नदी आली. नोंद संपली असे वाटले, पण तू ध्वनिमुद्रक बंद केला नव्हतास. पावले वाजली. माझा आवाज आला, सभ्य आणि कोरडा: "काही मिळाले का?"

"भेटलं, सर!" तू म्हणालास. "सारं भेटलं. आजीनं तुमच्यासाठी सांगतलं."

त्यानंतर नुसते पाखरांचे आवाज. माझे उत्तर नाही. मग खट्ट, आणि संपले. ते वाक्य तू माझ्या तोंडावर बोलला होतास, आणि मी ते ऐकलेही नव्हते. तुझ्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

माणसे उठली. सुनंदा वहीवरून मान वर करून म्हणाली, "सर, इथं तुमी काहून नाई बोलले?"

मी तिला सगळे सांगितले. ती नोंद मिटवली हे, सूचीत काय लिहिले हे, आणि प्रत कुणी राखली हे. का, असे तिने विचारले. 'मत्सर', 'असूया', 'हेवा', सारे शब्द माझ्याकडे होते. तुझ्यापाशी एकदाही न बोललेल्या तुझ्याच मराठी बोलीत मी म्हणालो, "जळून राह्यलो होतो मी. त्याच्यावर."

"अन् आता?"

"आताही."

तिने वही मिटली. "चहा घ्या," म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने काळ्या चहाचा पहिला कप तिने माझ्या हातात दिला. शेजारी सरकवायला कुणी नव्हते. मी तो कप दोन्ही हातांत धरून बसलो. पोडावर पहिला कप आधी तुझ्या हातात यायचा, आणि तू न सरकवलेला कप कसा प्यायचा ते मला कळेना.